कोयनेची वीज एका मुलीनं ओढून घेतली तर? (कथेसाठी खरी माहिती हवी)

पाटणखोरे (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गेल्या पावसाळ्यापासून एक दीर्घकथा लिहितेय. आता अशा जागी अडलेय की माहीतगारांना विचारल्याशिवाय पुढं सरकता येत नाही.

कथेतली रखमा सोळा वर्षांची. कोयना धरणाच्या जलाशयाच्या, शिवसागरच्या काठावरच्या वस्तीत वाढलेली. आजोबांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, आणि नव्या जागी घरात दिवा लागायला पुढची कित्येक वर्षं गेली. हे माझ्याच आजोळचं आहे, रचावं लागलं नाही. रखमाकडे एक शक्ती आहे: तारेला हात न लावता ती वीज स्वतःकडे ओढू शकते. मे महिन्यातल्या एका रात्री आजीला लाँचमधून दवाखान्यात नेताना उशीर होतो आणि आजी वाटेतच जाते. समोर धरणाचे दिवे झगमगत असतात. रखमा हात पसरते आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे काळोखात जातात. पाच दिवस.

पहिल्या खर्ड्यात तिसऱ्या प्रकरणात अंधार होता, चौथ्यात पश्चात्ताप, आणि पाचव्यात तिनं मूठ उघडली की दिवे परत. माझ्या लेकीनं वाचून एवढंच विचारलं, "आई, त्या पाच दिवसांत कोण कोण गेलं?" मला सांगता आलं नाही. मी नुसता अंधार लिहिला होता.

वीज, दवाखाना, पाणी, शेती, दूध, ज्याला जे माहीत असेल ते सांगा. रखमाला माफ करायचं की नाही हे मला नंतर ठरवायचंय. आधी तिच्या हातून काय झालं ते नीट कळू दे.

अंकगणित

विषय आवडला. भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आकडे मांडून पाहिले.

कोयनेचे सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. पोफळी, चौथा टप्पा, कोळकेवाडीकडचा तिसरा आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह, सगळं धरून. एवढी वीज फक्त एक मिनिट अंगात घेतली तर तेवढ्या उष्णतेनं सुमारे ४५ टन पाण्याची वाफ होईल. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. पूर्ण दिवस घेतली तर हिरोशिमावरच्या बॉम्बच्या अडीचपटीहून जास्त ऊर्जा होते.

मग ही ऊर्जा जाते कुठं, हे कथेत आलंच पाहिजे. अंगात साठली तर रखमाही उरणार नाही आणि काठही. ती पाण्यात पाय सोडून बसलेली दाखवा. शिवसागर पूर्ण भरला तर १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी. दिवसभराची सगळी वीज त्यात सोडली तरी पाणी सरासरी एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकंच तापेल. मे महिन्यात पाणी कमी असतं, तरी फार फरक नाही. ज्या पाण्यानं गाव बुडवलं तेच तिला वाचवतं, हे कथेला शोभेल असं वाटतं.

तारमार्ग

ताई, मी पारेषणात, म्हणजे मोठ्या लाइननं वीज वाहून नेणाऱ्या खात्यात, बत्तीस वर्षं काढली, बहुतेक सगळी उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून. आता कराडला घरी असतो. अंकगणित सरांचे हिशेब बरोबर आहेत, पण दिवसभर तिला वीज मिळणारच नाही.

कारण सांगतो. कुणी एकाएकी एवढी वीज ओढली तर लाइनला ते शॉर्टसर्किटच वाटतं. रिले ते ओळखतो, ब्रेकर उघडतो, लाइन तुटते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या दहाव्या भागात. म्हणजे रखमाला वीज मिळते क्षणभर. तिनं वीज घेतली म्हणून अंधार होत नाही. यंत्रणा स्वतःला जळू न देता हात सोडते, म्हणून अंधार होतो. हा फरक मनात पक्का धरा, त्यावरच पुढचं सगळं आहे.

दुसरं. कोयना एकटी बंद पडली म्हणून ग्रिड, म्हणजे देशभर जोडलेलं विजेचं जाळं, पडत नाही. देशाची मागणी मे २०२४ मध्ये २ लाख ५० हजार मेगावॉटपर्यंत गेली होती, त्यात १,९६० किती? ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता सगळ्यांनी नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटनं खाली आली, तरी ग्रिड उभी राहिली. जलविद्युतवाल्यांनी संच खाली-वर करून सांभाळलं. त्या रात्री आम्ही सगळे जीव मुठीत धरून मीटरकडं बघत होतो. तेव्हा रखमानं नुसती कोयना नाही, आपल्याकडं येणाऱ्या सगळ्या मोठ्या लाइन एकदम ओढल्या असं लिहा. मग दोन जिल्हे तुटून पडतील, आणि कोल्हापूर, सोलापूर, पुणे नशिबानं वाचतील.

आता मला एक सांगा. तिनं वीज ओढली का जाळली?

पाटणखोरे

काका, हा फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता. जाळली म्हणजे?

तारमार्ग

म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाले का? २२० केव्हीचा मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. ऑर्डर द्यावी लागते, बनायला वर्षभरही लागतं, आणि शंभरावर टनांचं धूड अनेक चाकांच्या ट्रेलरवरून मुंगीच्या पावलानं येतं. असे दहा-बारा जळाले तर पाच दिवसांची गोष्ट राहत नाही, दोन पावसाळ्यांची होते.

जाळली नाही, तर उलट अडचण. सगळं शाबूत असेल तर आमचे लोक चोवीस तासांच्या आत बरंचसं उभं करतात. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत बंद पडला, साठ कोटींवर माणसं अंधारात, तरी तो दिवस संपता संपता पुष्कळ भागांत वीज होती. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई गेली, तीही त्याच दिवशी परत आली. एप्रिल २०२५ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालची वीजही दुसऱ्या सकाळपर्यंत बहुतेक परत आली. मग तुमचे पाच दिवस कुठून आणणार?

माझी सूचना अशी. रखमा पहिल्या रात्रीनंतर मुद्दाम काही करत नाही. पण तिला झोप लागली की आजी दिसते, आणि झोपेत ती पुन्हा ओढते. आम्ही लाइन चार्ज करतो, म्हणजे तिच्यात वीज सोडतो, की ट्रिप, ब्रेकर उघडून लाइन बंद. पुन्हा चार्ज, पुन्हा ट्रिप. कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून फोन येतात, कुणालाच कारण सापडत नाही. लोक उन्हातान्हात टॉवरन् टॉवर बघत डोंगर चढतात, लाइनवर काही नाही. असे पाच दिवस मात्र मला पटतात.

रात्रपाळी

मिरजेत डायलिसिस विभागात काम करते. पाटणखोरेताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मला हे लिहायला जड जातंय.

लाइट गेल्यावर दवाखाना लगेच बंद पडत नाही. जनरेटर काही सेकंदांत उचलतो, व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते. पहिल्या रात्री सगळं ठीक वाटतं. डिझेल आहे, माणसं कामाला भिडलेली आहेत. द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असेल तर तिला वीज लागत नाही. हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट असेल तर तो जनरेटरवर येतो आणि डिझेल प्यायला लागतो.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढणाऱ्या, विजेवरच्या छोट्या मशीनवर) असलेले म्हातारे आधी येतात, पहिल्या तीन-चार तासांतच. नातू स्कूटरवर मागं बसवून आणतात. जे एकटे राहतात त्यांना कोण आणणार? मला विचाराल तर पहिला मृत्यू तिथं होतो, आणि तो कुणाला कळतही नाही.

मग माझा विभाग. एका डायलिसिसला चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. ते आरओमधून काढताना आणखी बरंच पाणी वाया जातं. म्हणजे नुसती वीज नाही, पाणीही हवं. शहराचं पाणी बंद झालं की जनरेटर असूनही माझ्या मशीन उभ्या राहतात. आठवड्यातून दोन-तीनदा येणारी माणसं आमची, एक पाळी चुकली तर पाय सुजतात, धाप लागते, पोटॅशियम वाढतं. दोन पाळ्या चुकल्या तर हृदय कधी थांबेल ते सांगता येत नाही. मे महिना आहे, घसा कोरडा पडतो, आणि त्यांना पाणी मोजूनच प्यायचं असतं.

कोल्हापुरात वीज आहे असं तारमार्ग काकांनी म्हटलंय. पन्नासेक किलोमीटर. तिसऱ्या दिवशी आम्ही रुग्णांना तिकडं पाठवायला लागू. पण तिथल्या मशीन काही रिकाम्या बसलेल्या नसतात. चार तासांची पाळी तीनवर, तीनची दोनवर आणतील, सगळ्यांना थोडं थोडं देतील. आधी कुणाला पाठवायचं ही यादी कुणीतरी करणार. ती यादी कथेत लिहा, ताई. ती करणाऱ्या बाईचा हात कसा थरथरतो ते लिहा.

कासपठार

साताऱ्यातून. पाण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, लोक विसरतात. आमच्या शहरात कासचं पाणी उतारानं येतं, पंप लागत नाही. शहापूर योजनेचं पाणी मात्र उरमोडीतून उपसून आणावं लागतं. म्हणजे एकाच गावात काही पेठांत नळ चालू आणि काही पेठा कोरड्या. पहिले दोन दिवस लोक एकमेकांना घागरी भरू देतील. तिसऱ्या दिवशी नळाला रांग, चौथ्या दिवशी भांडण. आणि कासचं पाणी आलं तरी ते गच्चीवरच्या टाकीत कोण चढवणार? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांचा विचार करा.

खेड्यात आड होते ते बुजवले, काहींवर स्लॅब टाकला. बोअरचा हातपंप काढून मोटार बसवली. आमच्या गावी हातपंप एकच उरलाय, देवळाजवळ, आणि त्याचा वायसर गेलेला आहे. असं गाव घ्या कथेत.

कृष्णाकाठ

सांगलीकर. कासपठार दादांनी पाण्याची गोष्ट काढली म्हणून. सांगलीला उतारानं येणारं काही नाही. नदीतून जॅकवेलनं, म्हणजे काठावरच्या पंपांच्या विहिरीतून, उचलायचं, शुद्ध करायचं, टाक्यांत चढवायचं, प्रत्येक पायरीला वीज.

त्यात मे महिना. उन्हाळ्यात कृष्णेत इथं जे वाहतं ते मुख्यतः कोयनेतून सोडलेलं. कोयनेचं बहुतेक पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं. पूर्वेला आपल्याकडं येतं ते धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून, दोन्ही संच चालले तर साधारण २,१०० क्युसेक. संच ट्रिप झाले की ते पाणीही थांबतं. मग दुसरं दार उघडून सोडावं लागतं, त्याला माणूस हवा, निरोप हवा, आणि फोन बंद. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या पहिल्या रात्रीतच संपलेल्या असणार. इकडं डिझेलवर पंप चालवून पाणी उचलायचं ठरवलं तरी पात्र आटत चाललेलं.

एक मनापासूनची विनंती, कथा ऑगस्टमध्ये नेऊ नका. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वीज मुद्दाम बंद केली होती, पाण्यात करंट उतरू नये म्हणून, आणि ते बरोबरच होतं. आम्ही सात जण पहिल्या मजल्यावर, एक फोन चार टक्क्यांवर. तो दिवसातून एकदा दोन मिनिटं चालू करायचो, भावाला "आहोत" एवढंच सांगायला. शेजारच्या काकांकडं सेलवरचा रेडिओ होता. सांगली आकाशवाणी लागली की सगळी गल्ली खिडक्यांत यायची. अंधार सहन होतो, पण पाणी आणखी चढतंय का उतरतंय हे न कळणं सहन होत नाही. तुमच्या कथेत तो रेडिओ असू द्या.

पाटणखोरे

रेडिओ घेतला. ऑगस्टचा विचार सोडला. रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल काहीच लिहिलं नाही.

एक शंका. आमच्या पाटणच्या डोक्यावर वनकुसवडे, चाळकेवाडीला पवनचक्क्या आहेत. घरांवर सोलर आहे. ते तरी चालेल ना?

तारमार्ग

नाही चालणार, आणि लोकांचा सगळ्यात जास्त संताप तिथंच होईल. छतावरचं नेट मीटरवालं सोलर ग्रिड गेली की आपोआप बंद होतं. तसं मुद्दाम बनवलंय. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला त्याचा शॉक बसू नये म्हणून. बॅटरीवालं असेल तर घरापुरतं चालेल. पवनचक्क्यांचंही तेच, त्यांना समोर जिवंत ग्रिड लागते, तिच्या तालावर त्या वीज देतात. वारं असेल, पाती दिसतील, पण तारेत काही नाही.

साखर कारखान्यांची सहवीज, म्हणजे उसाच्या चिपाडावर तयार होणारी वीज, ग्रिडपासून सुटी चालवता येते, पण मे महिन्यात गाळप संपलेलं, बॉयलर थंड.

बेदाणा

तासगावकडचा. बेदाणा शीतगृहात आहे. दार उघडलं नाही तर दोन-तीन दिवस धीर धरेल, पुढं रंग जायला लागतो, आणि भाव रंगावरच. पण मे महिन्यात आमचा जीव अडकतो तो बागेत. खरड छाटणी झालेली, नवी फूट, ड्रीप बंद. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्यानं विजेवरच चढतं. पाच दिवस पाणी नाही मिळालं तर बाग मरत नाही, पण फूट मार खाते, ते पुढच्या वर्षीच्या घडांवर निघतं. म्हणजे रखमाच्या एका रात्रीचा हिशेब आम्हाला पुढच्या फेब्रुवारीत कळणार.

दुधाचं तर दुसऱ्या सकाळीच. डेअरीचा कूलर गार करत नाही म्हणून संकलन बंद. म्हशी काय थांबणार? धार तर काढायलाच लागते. चुलीवर खवा आटवायचा, नाहीतर शेजारी वाटायचं.

मेव्हण्याचं बंद शेडचं कोंबडीपालन आहे, पंख्यांवर चालणारं. तिथं पंखे थांबले आणि जनरेटर नाही उचलला तर मे महिन्यात तासाभरात सगळं संपतं. त्याच्याकडं एकदा झालंय असं. सकाळी आम्ही जेसीबी बोलावला खड्डा काढायला. तो दिवसभर जेवला नाही.

तारमार्ग

बेदाणा दादांच्या प्रतिसादावरून आठवलं, धार थांबत नाही तशा आपल्या मोटारीही थांबत नाहीत. इकडं जवळजवळ प्रत्येक शेतपंपाला ऑटो स्विच बसवलाय, लाइट आली की मोटार आपली आपण सुरू. रात्री-अपरात्री विहिरीवर जायला लागू नये म्हणून, शेतकऱ्याची चूक नाही. पण चार दिवसांनी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडं जाणारी लाइन, चार्ज केला की सगळ्या मोटारी, सगळे फ्रीज, सगळे पंखे एकाच क्षणी ओढतात. फीडर पुन्हा ट्रिप. रखमा शांत झोपली असेल तरी ट्रिप. म्हणून परत आणणं म्हणजे एक बटण नाही. आधी पोफळीचा एक संच स्वतःच्या जोरावर उठवायचा, पाण्यावरच्या संचाला ते जमतं. मग एक लाइन, एक उपकेंद्र, थोडा लोड, ५० हर्ट्झवर काटा स्थिर, मग पुढचं उपकेंद्र. वायरमन गावोगाव फिरून सांगतो, ऑटो काढा, ऑटो काढा.

आता तुमच्या लेकीच्या प्रश्नाला माझंही उत्तर. चौथ्या दिवशी कुणीतरी भाड्यानं जनरेटर आणतो, पाणी भरायला. घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच न लावता थेट घरच्या बोर्डात जोडतो. ती वीज मीटरमधून उलटी तारेवर जाते, डीपीतून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी चढून अकरा हजार व्होल्ट होते. खांबावर वायरमन आहे. सगळा जिल्हा बंद आहे, त्याला वाटतं लाइन मेलेली. तार जमिनीशी जोडणारा अर्थिंगचा रॉड लावला तर वाचला. चार दिवस झोप नाही, पस्तिसावा खांब, एकदा लावायचा राहून गेला...

माझ्याबरोबरचा एक पोरगा असाच गेला. २६ वर्षांचा होता. वीज आमची नव्हती, एका लग्नाच्या मांडवाची होती.

रात्रपाळी

काका.

पाटणखोरे

काका, दोन दिवस उत्तर देता आलं नाही. हे प्रकरण मी लिहिणार आहे, आणि तो खांब रखमाच्याच वस्तीच्या वाटेवर असेल. ती खालून बघत असेल. तो गेला तिच्या विजेनं नाही, हे तिला कळणार नाही आणि कळलं तरी पटणार नाही.

मूठ उघडून दिवे परत आणायचं प्रकरण मी फाडलं. पण तिनं काहीतरी करावं असं वाटतं. तिच्याकडं थोडी वीज उरली आहे. ती परत देऊ शकेल का? कुठं दिली तर उपयोग होईल?

अंकगणित

लाइनवर द्यायची तर तिला सेकंदाला बरोबर पन्नास आवर्तनं धरावी लागतील, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या लोडबरोबर. माणसाच्या मनाला ते झेपेल असं वाटत नाही. दुसरी जागा शोधायला हवी.

तारमार्ग

जागा आहे. फार लहान आहे, बघा चालते का.

उपकेंद्रात कंट्रोल रूमच्या शेजारी एक खोली असते, ॲसिडचा वास येणारी. तिथं बॅटरी असते, ५५ सेलची, ११० व्होल्ट. सगळे रिले, सगळे ब्रेकर तिच्यावर चालतात. बाहेर २२० केव्ही असो नाहीतर काही असो, ब्रेकर लावायला ही बॅटरीच लागते. पाच दिवस चार्जर बंद आणि दर थोड्या वेळानं ट्रिप, तर ती बॅटरी उतरते. मग पोफळीहून वीज दारापर्यंत येते आणि आत घेता येत नाही. आडवळणाच्या उपकेंद्रात डिझेल पोचलं नाही तर हे होतं.

रखमाला तिथं बसवा. दोन टोकांवर दोन हात. त्याला कोयना लागत नाही, घरच्या मिक्सरच्या दोन-तीन पट एवढीच ताकद लागते.

पाटणखोरे

किती वेळ बसावं लागेल तिला?

तारमार्ग

दहा तास. एकसारखं, हळूहळू. घाई केली तर सेल तापतात. आणि मध्ये तिला झोप लागता कामा नये, तेव्हा ऑपरेटरनं रात्रभर तिच्याशी बोलत बसावं. काय बोलला ते मी लिहून पाठवतो तुम्हाला, मला माहीत आहे.